जंगलाचे मानद सेक्रेटरी

पहाटे सव्वापाचला इंटरकॉम वाजला तर दोनच शक्यता असतात. एक, गच्चीवरची टाकी वाहतेय. दोन, रेंजरकाका जंगलात निघालेत. टाकी वाहत असली तर वॉचमन "साब, पानी" एवढंच म्हणून फोन ठेवतो. रेंजरकाका ठेवत नाहीत. "झोपला नव्हतात ना?" असं विचारतात. माणसावर थोडेफार संस्कार झालेले असतील तर तो "छे छे, उठलोच होतो" म्हणतो, आणि त्या एका थापेपायी सहा वाजता बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या गेटवर जांभया देत उभा राहतो.

'नॅशनल पार्क' हा शब्द मात्र त्यांच्यासमोर काढायचा नाही. रिक्षावाल्याने सहज "पार्क ना, काका?" विचारलं तरी ते पुढे वाकून त्याच्या कानाशी सांगतात, "पार्क दादरला. शिवाजी पार्क. हे जंगल आहे. १०४ चौरस किलोमीटर." रिक्षावाला मान डोलावतो. त्याचं मीटर चालू असतं. बोरिवलीत जन्म काढलेल्या आमच्यासारख्यांना संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणजे शाळेची सहल, वनराणी नावाची छोटी आगगाडी, तळ्यातली पायाने मारायची होडी आणि जाळीच्या बसमधून बघितलेला, आपल्याइतकाच कंटाळलेला सिंह. काकांच्या लेखी हा सगळा नुसता 'लॉबी एरिया'. इमारत त्याच्या मागे सुरू होते. ती पूर्वेला ठाण्याच्या येऊरपर्यंत जाते, आणि उत्तरेला खाडी ओलांडून नागला ब्लॉकपर्यंत.

रेंजरकाका हे नाव सोसायटीने दिलेलं. वनखात्याशी त्यांचा संबंध एवढाच की तिथल्या निम्म्या कर्मचाऱ्यांना ते नावाने ओळखतात आणि उरलेले निम्मे त्यांना लांबून बघून चहाला निघून जातात. मूळचा माणूस बँकेतला. शिवाय १९८८ ते २०११ आमच्या सोसायटीचे मानद सेक्रेटरी. (मानद म्हणजे काय ते हे पद भोगलेल्यांना सांगायला नको. पगार शून्य, शिव्या घरपोच.) २००१ साली बँकेने स्वेच्छानिवृत्ती आणली, काकांनी ती घेतली आणि सकाळचे चार तास मोकळे झाले. ते त्यांनी हायवे ओलांडून जंगलात नेले. पुढे सोसायटीत नवी कमिटी आली, तिने हिशेब कम्प्युटरवर घेतले. जाड पुठ्ठ्याची, लाल पाठीची दोन कोरी रजिस्टरं शिल्लक होती, ती काकांनी रीतसर पैसे भरून, पावती फाडून घेऊन घरी नेली. तेव्हापासून जंगलाचा कारभार त्यांच्याकडे आहे. निवडणूक झाली नाही. दुसरं कुणी उभंच नव्हतं, त्यामुळे बिनविरोध.

सेक्रेटरीपणाची खूण म्हणजे ते माणसांना फ्लॅटच्या नंबराने ओळखतात. मी तीनशे दोन. माझी बायकोही तीनशे दोन. "तीनशे दोन, मागे राहू नका," असं म्हटलं की आम्ही दोघं एकदम पावलं उचलतो. नावं त्यांना येतात, पण ती पक्ष्यांसाठी राखून ठेवलेली आहेत.

गेटवर आधी तपासणी होते. एकदा मी बायकोने वाढदिवसाला दिलेला गुलाबी टी-शर्ट घालून गेलो होतो. काकांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणाले, "पक्षी तुम्ही बघायचेत, का पक्ष्यांनी तुम्हाला?" मग पाठीवरच्या पिशवीतून घडी केलेला मेंदीच्या रंगाचा एक शर्ट काढला. असा शर्ट ते पाहुण्यांसाठी ठेवतात. त्याला कापराचा आणि जुन्या बँकेचा मिश्र वास येतो. मग परफ्यूम, मोबाईलची रिंग, कुरकुरीत आवाजाची पिशवी, सगळं बघून होतं. शेवटी सूचना: "जंगलात बोलायचं नसतं." इथून पुढे साडेतीन तास ते स्वतः बोलतात. कुजबुजत बोलतात, हे खरं. पण तेवीस वर्षं सर्वसाधारण सभेत विनामाईक बोललेल्या माणसाची कुजबुज आहे ती, झाडावरचं माकड वळून बघतं.

रजिस्टर हे त्यांचं खरं वैभव. डावीकडे तारीख, मग वेळ, मग 'कोण', मग 'कुठे', आणि शेवटी 'शेरा'. शेऱ्याच्या रकान्यात बँक आणि सोसायटी दोन्ही बोलतात. नवरंग हा पहिल्या पावसाबरोबर जंगलात येणारा, जमिनीवर उड्या मारत पाचोळा उलथणारा, खरोखर नऊ रंगांचा पक्षी. त्याच्यापुढे एका वर्षी लिहिलंय, 'सहा दिवस उशीर. पाऊसही उशिरा. ग्राह्य.' हिवाळ्यात हिमालयाकडून आणि त्याच्याही पलीकडून धोबी येतात, शेपटी वरखाली करत ओढ्याकाठच्या दगडांवर फिरतात. ते 'भाडेकरू, सप्टेंबर ते मार्च'. लीव्ह अँड लायसन्स अकरा महिन्यांचं असतं, हे सहा-सात महिनेच राहून जातात आणि कटकट काही नाही, म्हणून त्यांच्यावर काकांचा विशेष लोभ. पावशावर मात्र राग. हा 'पेरते व्हा, पेरते व्हा' करत सगळ्या महाराष्ट्राला कामाला लावतो आणि स्वतःची अंडी सातभाईंच्या घरट्यात टाकून मोकळा होतो. सातभाई बिचारे त्याचं पोर आपलंच समजून वाढवतात. शेरा: 'बेकायदा पोटभाडेकरू. तक्रार कुणाकडे करणार?'

एकदा ते खुशीत होते. आदल्या दिवशी त्यांना स्वर्गीय नर्तक दिसला होता, तो पांढऱ्या फितीसारख्या लांब शेपटीचा. उंबराखाली बसल्या बसल्या म्हणाले, "बघा तीनशे दोन, आपल्या लोकांनी पक्ष्यांना नावं कशी दिली. सुतार, शिंपी, तांबट, धोबी. सगळे कामकरी. आणि बंदोबस्ताला कोतवाल." कोतवाल खरंच कोतवालकी करतो. आकाराने एवढासा, पण घरट्याजवळ कावळा आला, ससाणा आला, तरी त्याच्या मागे लागून हुसकावतो. म्हणून बाकीचे गरीब पक्षी त्याच्या आसऱ्याने घरटी बांधतात. "आणि टकाचोर?" मी विचारलं. "तो पण लागतो," काका म्हणाले. "कोतवालाला काम नको?" एवढ्यात कुठेतरी तांबटाने टुक टुक टुक सुरू केलं. काकांनी कान दिला, घड्याळ बघितलं आणि मान हलवली. दुपारी दोन ते चार दुरुस्तीचं काम बंद ठेवायचा नियम त्यांनीच आमच्या सोसायटीत आणला होता. तांबट तो पाळत नाही.

झाडांची ओळख ते करून देतात ती नव्या सभासदाची करून द्यावी तशी. "हा ऐन. हात लावा. लावा हो, काही करत नाही." ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींची. "हा कांडोळ. ह्याला रात्री बघा." कांडोळाचं खोड पांढरंफटक, उन्हाळ्यात पानं गळून गेली की चांदण्यात नुसता सांगाडा उभा. त्याला लोक भुताचं झाड म्हणतात ते उगाच नाही. काका त्याच्याबद्दल किंचित आदराने बोलतात, जसं ते तळमजल्यावरच्या निवृत्त पोलीस इन्स्पेक्टरांबद्दल बोलत. हात कशाला लावायचा नाही हेही ते सांगतात, पण जरा उशिरा. खाजकुयलीच्या बाबतीत मला सांगितलं तेव्हा माझा कोपर आधीच लाल झाला होता. "आता नोंद झाली ना? परत विसरणार नाही," एवढंच त्यांचं सांत्वन.

जंगलातून काही आणायचं नाही, पानसुद्धा नाही, ह्यावर ते ठाम. मे महिन्यात करवंदांच्या जाळ्या काळ्याभोर लगडलेल्या असतात, कोकणात बालपण गेलेल्या माणसाचा हात आपोआप पुढे जातो. काका हातावर चापट मारतात. "ती बुलबुलांची आहेत." एकदा माझ्या सात वर्षांच्या मुलाला हा नियम समजावून देताना त्यांनी जीभ जरा जास्त बाहेर काढली. जीभ जांभळी होती. मुलगा ओरडला, "काका, तुम्ही बुलबुलांचं खाल्लंत!" रेंजरकाकांना निरुत्तर झालेलं मी तेवढंच एकदा बघितलं. थोड्या वेळाने म्हणाले, "एक. तपासणीसाठी." काकूंनी नंतर सांगितलं की दर मे महिन्यात ह्यांच्या एका रुमालावर चीक आणि डाग असतात, आणि दर वर्षी तपासणी एकाच करवंदाची झालेली असते.

दसऱ्याला ते आणखी अवघड होतात. संध्याकाळी लोक सोनं द्यायला येतात, काका दारातच पान हातात घेऊन उजेडात धरतात. "हा कांचन आहे. आपटा नव्हे. आपट्याचं पान लहान, जाड, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. हे बघा किती मोठं." समोरचा माणूस सोन्यासारखे राहा म्हणायला आलेला असतो, तो ओशाळा होऊन उभा. मग "आणि आपटा असता तरी ओरबाडायची गरज होती का?" हा दुसरा मुद्दा. खरा आपटा आणला तरी बोलणी, खोटा आणला तरी बोलणी. गेली काही वर्षं मी नुसता नमस्कार करतो आणि काकू आतून पेढा आणून देतात. काका त्या वेळी शेजारच्या घरातून आलेल्या ढिगातली पानं वेगवेगळी करत असतात. मोजतात आणि रजिस्टरात लिहितात. आमच्या विंगेत २०२२ साली एकशे तीन पानांत आपटा चार.

आता त्यांचा एक कच्चा दुवा. बारके, मातकट, एका जागी न बसणारे पक्षी त्यांना ओळखता येत नाहीत. कुणालाच येत नाहीत म्हणा, पण काका कबूल करत नाहीत. असा पक्षी झुडपात चिवचिवला की ते डोळे बारीक करतात आणि म्हणतात, "वटवट्या." फारच वेगळा दिसला तर, "वटवट्या, इथला." ह्यावर आमचं सगळ्यांचं भागत होतं. मग दोनशे चारची मुलगी एकदा बरोबर आली. आठवीतली, गळ्यात मोबाईल. झुडपात काहीतरी बोललं, काका म्हणाले "वटवट्या", आणि मुलीने मोबाईल वर धरून शांतपणे सांगितलं, "काका, मर्लिन म्हणतंय ग्रीनिश वॉर्बलर." आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सांगणारं हे अ‍ॅप. काकांनी त्या यंत्राकडे, नव्या कमिटीच्या कम्प्युटरकडे बघितलं होतं तसं बघितलं. "मोबाईलला काय कळतंय जंगलातलं?" म्हणाले आणि झपाझप पुढे गेले. दोनशे चार माझ्या कानात पुटपुटली, "पण काका, वॉर्बलर म्हणजे वटवट्याच ना?" मी म्हटलं, हे त्यांना आत्ता सांगू नकोस.

पंधरा दिवसांनी काका जिन्यात मला बाजूला घेऊन म्हणाले, "ते मर्लिन का काय ते, ते कुठून उतरवायचं?" उतरवून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा इंटरकॉम. "अरे, ह्यांना काय शिकवलंयस तू? पहाटेपासून गॅलरीत उभे राहून मोबाईलसमोर शीळ घालताहेत." काका पावशाची शीळ फार हुबेहूब काढतात. त्यांनी वीस मिनिटं प्रयत्न केला आणि शेवटी मर्लिनने पडद्यावर पावशाचं चित्र दाखवलं. तो फोटो त्यांनी प्रिंट काढून रजिस्टरात चिकटवला आहे. त्यापुढे शेरा नाही. सही आहे.

कान्हेरीला मात्र त्यांच्याबरोबर एकदा जावंच. गेटपासून सहा-सात किलोमीटर, बस मिळते, काका चालत नेतात. काळ्या पाषाणात कोरलेली शंभराहून जास्त लेणी. लोक तिसऱ्या लेण्यातल्या भव्य चैत्यगृहाकडे आणि दोन्ही बाजूंच्या उंच बुद्धमूर्तींकडे बघत उभे असतात. काका लोकांना बाहेर ओढतात आणि पायाखाली बघायला लावतात. दगडात कोरलेले पाण्याचे पाट. डोंगरावर पडलेला पाऊस त्या पाटांतून खाली येतो आणि लेण्यांशेजारच्या टाक्यांत साठतो. तिथल्या शिलालेखांत ह्या टाक्यांना पोढी म्हटलंय. गच्चीच्या गळतीवर तीन वेळा वर्गणी काढलेला हा माणूस त्या पोढीच्या काठावर उकिडवा बसतो आणि आतल्या पाण्याकडे असं बघतो की आपल्याला बोलवत नाही. "दीड-दोन हजार वर्षं," शेवटी म्हणतात. "आणि आपलं वॉटरप्रूफिंग? दहा वर्षांची गॅरंटी, दुसऱ्या पावसाळ्यात पाचशे एकच्या बेडरूममध्ये बादली." मग ते लेख दाखवतात. कल्याणच्या, सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी, उपासकांनी, बायकांनीसुद्धा लेणी, पोढ्या दान दिल्या, त्यांची नावं. काकांचा आवाज इथे खरोखर खाली येतो. "ज्यांनी पैसे दिले त्यांची नावं दगडात कोरली. थकबाकीदारांची कुठे आहेत? पुसली गेली." 

तिथेच एकदा माकडाने त्यांचा डबा नेला. माकडांना खायला देऊ नका, त्यांची सवय बिघडते, मग ती अंगावर येतात, हे ते एका कुटुंबाला पटवून देत होते. कुटुंबाच्या हातात थेपले होते. माकडाने थेपल्यांकडे ढुंकून न बघता काकांच्या पिशवीतून काकूंचे साबुदाणा वडे उचलले. एकादशी होती. माकड कातळावर बसून एकेक वडा खात होतं, कुटुंब आदराने बघत होतं. "मी दिलेलं नाही," काका म्हणाले. "त्याने नेलंय. फरक आहे." घरी आल्यावर मात्र वडे कसे झाले होते असं काकूंनी विचारलं तेव्हा म्हणाले, "फस्त."

परतीच्या वाटेवर एका पुलाशी ते नेहमी थांबतात. खाली दहिसर नदी. ही तुळशी तलावाकडून येते. १८७९ साली बांधून पूर्ण झालेला तुळशी, आणि त्याच्या वीसेक वर्षं आधीचा विहार, हे दोन्ही मुंबईच्या पिण्याच्या पाण्याचे तलाव, दोन्ही ह्या जंगलाच्या पोटात. पुलावरून बघितलं तर नदीच्या तळाचे गोटे दिसतात. काका दोन्ही कठडे वापरतात. एका बाजूला बोट दाखवून म्हणतात, "ही नदी." मग वळून हायवेच्या दिशेला बोट. "तिकडे गेली की नाला." आणि मग बोट कुठेच न दाखवता, "मधे आपण. विषय संपला." विषय संपला असं ते म्हणतात तेव्हा आणखी वीस मिनिटं असतात, पण पुलावर खरंच संपतो.

बिबट्याबद्दल न लिहिता सुटका नाही. ह्या जंगलात आणि आजूबाजूला मिळून पन्नासेक बिबटे आहेत असं कॅमेरा ट्रॅपच्या मोजण्या सांगतात. प्रत्येकाचे ठिपके वेगळे, त्यावरून ओळखतात आणि नंबर देतात. ही नंबराची पद्धत काकांना मनापासून पटलेली आहे. आता गंमत अशी, की दोन तपांच्या भ्रमंतीत त्यांना बिबट्या तीनदा दिसलाय. रजिस्टरात शेवटच्या पानावर बेरीज आहे: 'एकूण कालावधी ५१ सेकंद. पैकी ९ सेकंद फक्त शेपूट.' पंजांचे ठसे, खोडावरचे ओरखडे, विष्ठेतले केस, हे सगळं त्यांना पाठ. झाडावरून वानर खेकसलं आणि खाली चितळांनी माना वर केल्या की काका हात वर करून सगळ्यांना थांबवतात. "वरचा वॉचमन आणि खालचा वॉचमन, दोघांनी शिट्टी दिलीय." आम्ही श्वास रोखून दहा मिनिटं उभे. पायांना मुंग्या येतात. काहीच येत नाही. "तो आपल्याला बघून गेला," काका समाधानाने म्हणतात. आपण बघितलं काय आणि त्याने बघितलं काय, त्यांच्या हिशेबी भेट झालीच.

अशा माणसावर नियतीने काय वेळ आणावी? तळमजल्याच्या एकशे एक, दूध घ्यायला दार उघडायला गेल्या, आणि मागच्या भिंतीवरून बिबट्या चालत गेला. आरामात. सीसीटीव्हीत पुरी बावीस सेकंदं. एकशे एकना चिमणी आणि मुनिया सारख्याच. काका तासभर त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसले. "कान कसे होते? शेपटीचं टोक वर होतं का खाली? नर वाटला का?" एकशे एक म्हणाल्या, "अहो, दूध सांडलं माझं." काका जिना चढून वर आले ते चार माळे लिफ्ट न घेता. "बावीस सेकंदं," मला म्हणाले. "आणि त्यांनी दार लावून घेतलं."

ती क्लिप रात्रीपर्यंत पाच विंगांत फिरली आणि दुसऱ्या दिवशी तातडीची सभा. २००४ च्या जूनमधले हल्ले अजून अनेकांना आठवत होते, लोक घाबरलेले होते आणि त्यात काही चूक नव्हतं. ठराव आला: पिंजरा लावून बिबट्या पकडून न्यावा. अनुमोदनाला बारा हात. तेव्हा मागच्या रांगेतून रजिस्टर घेऊन रेंजरकाका उठले. नव्या सेक्रेटरीने घड्याळ बघितलं. काका म्हणाले, "हा पकडून न्याल, ही जागा रिकामी झाली की दुसरा येईल. नेलेला बिबट्या अनोळखी मुलखात सोडला की तिथे भांडणं वाढतात, जुन्नरकडे ह्याचा अभ्यास झालाय. भाडेकरू बदलून घर सुधारत नाही. तो इथे कशाला आला ते विचारा." कशाला? "कुत्र्यांसाठी. कुत्री कशासाठी? मागच्या भिंतीशी कचरा आहे म्हणून. कचरा कुणाचा?" सभेत शांतता. काकांनी रजिस्टर उघडलं. गेल्या तीन महिन्यांत मागच्या भिंतीपाशी ओला कचरा पिशवीत बांधून कोण कोण टाकत होतं, तारीखवार, फ्लॅटवार, पहाटे फिरायला जाताना टिपलेलं. वाचायला सुरुवात केली. दोनशे तीन, चारशे एक, चारशे चार. तीनशे दोन आलं तेव्हा मी बायकोकडे बघितलं आणि बायकोने माझ्याकडे. पिंजऱ्याचा ठराव बाजूला पडला, कचऱ्याचा झाला. भिंतीशी दिवा लागला, सकाळी मुलांना एकटं न पाठवण्याचं ठरलं. कुत्री पांगली. बिबट्या पुढे आमच्याकडे फिरकल्याचं काही दिसलं नाही, आणि ह्याचं सगळ्यात जास्त वाईट कुणाला वाटलं असेल ते सांगायला नको.

जंगलातल्या पाड्यांवरच्या वारली लोकांचा वाघोबा असतो. शेंदूर लावलेला, शेजारी चंद्र-सूर्य. काका तिथे गेले की चप्पल काढून उभे राहतात. देवळाबिवळात फारसे न जाणारे आहेत ते. मी एकदा विचारलं, काय मागता? म्हणाले, "मागायचं काय? हजेरी लावतो. जुने सभासद आहेत."

गेल्या कारवीची गोष्ट सांगतो आणि थांबतो. कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते. बाकीची सात वर्षं ती नुसती काडी आणि पानं. पाड्यांवर झोपड्यांच्या कुडाला वापरतात, जनावरं तिच्यात दडतात, आपण ढुंकून बघत नाही. आणि आठव्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी सगळे उतार एकदम निळ्या-जांभळ्या फुलांनी भरून जातात, मधमाश्या वेड्या होतात, बी धरतं, आणि झाड मरतं. काकांच्या मते अख्ख्या जंगलात वक्तशीर अशी ही एकटीच. २००८, २०१६, २०२४. "एक दिवस थकबाकी नाही." २०२४ च्या सप्टेंबरात आम्ही गेलो तेव्हा काकूही आल्या होत्या, पहिल्यांदाच. घरातली तुळस वाळली तरी ह्यांना दिसत नाही आणि म्हणे जंगल, हे त्यांचं कायमचं म्हणणं. वर चढेपर्यंत त्या ते म्हणत होत्या. फुलं दिसल्यावर गप्प झाल्या. काकांनी त्यांच्याकडे बघितलं, मग रजिस्टर काढलं, चष्मा घामाने धुकट झाला होता म्हणून माझ्याकडे दिलं. "लिहा. कारवी. वेळेवर." मी लिहिलं. मग म्हणाले, "पुढचं पान उलटा. पुढची २०३२. ५ सप्टेंबरला रविवार येतो, मी बघितलंय. तीनशे दोन, नोंद घ्या."

"गणपती असतील त्या सुमारास," काकू म्हणाल्या. "आणि ब्याऐंशी व्हाल तेव्हा. गुडघे कुणाचे आणणार?"

"हा आहे ना," काका माझ्याकडे हात करून म्हणाले.

मी मोबाईल काढून कॅलेंडरमध्ये टाकलं. ५ सप्टेंबर २०३२, सकाळी सहा, कारवी. आठवण किती आधी करू, असं मोबाईलने विचारलं. काकांनी खांद्यावरून वाकून पडदा वाचला.

"काही नको," म्हणाले. "मी सव्वापाचला इंटरकॉम करीन."